वजन उतरलं, कातडी राहिली: पोटाच्या ऑपरेशनची तयारी आणि नंतरचे सहा आठवडे

आंघोळ झाली की पोटाची घडी एका हातानं वर धरायची, दुसऱ्या हातानं जुन्या सुती साडीच्या फडक्यानं खालची जागा टिपून घ्यायची आणि पंख्याखाली दहा मिनिटं तशीच उभी राहायची. दोन वर्षं माझी रोजची सकाळ अशी गेली. बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याच्या ऑपरेशननंतर माझं वजन ११६ किलोवरून ६८ वर आलं. साखर आटोक्यात आली, गुडघे सुटले, गणपतीच्या देवळापर्यंत न थांबता चालत जाता यायला लागलं. पण नाभीखालची कातडी रिकाम्या पिशवीसारखी मांडीपर्यंत लोंबत राहिली. सांगलीच्या उन्हाळ्यात त्या घडीत घाम साचायचा, जागा सोलवटायची, बुरशी व्हायची, वास यायचा. मलम लावलं की आठ दिवस बरं, नवव्या दिवशी पुन्हा तेच.

ही कातडी व्यायामानं जात नाही, हे आधी स्पष्ट सांगते, कारण मी त्यात वर्ष घालवलं. खूप वर्षं ताणलेल्या कातडीतले लवचीक धागे तुटलेले असतात. पोटाचे स्नायू व्यायामानं बळकट होतात, पण वरची सैल कातडी आखडत नाही. तेल चोळून नाही, पट्टा बांधून नाही, मशीनखाली झोपूनही नाही. ती कापूनच काढावी लागते.

ऑपरेशन थिएटरमधल्या चार तासांची काळजी डॉक्टर करतात. पण जखम नीट भरणार की चिघळणार, हे बरंचसं आधीच्या सहा महिन्यांत आणि नंतरच्या सहा आठवड्यांत ठरतं, आणि तो सगळा काळ आपण घरी असतो. म्हणून या लेखात घरची बाजू जास्त सांगणार आहे. औषधांचे निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचेच.

पहिली पायरी: वेळ झाली आहे का, ते तपासा

वजन निदान सहा महिने एका जागी स्थिर हवं. दोन-तीन किलो इकडे-तिकडे चालतं. बॅरिअॅट्रिक ऑपरेशन झालेलं असेल तर त्यानंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. वजन अजून उतरत असताना कातडी काढली तर वर्षभरात पुन्हा सैल पडते, आणि शरीर उपासमारीत असल्यामुळे जखमही भरत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी उपाशीपोटी केलेलं वजन लिहून ठेवा. सर्जन पहिला प्रश्न हाच विचारतात आणि 'अंदाजे तेवढंच आहे' या उत्तरावर त्यांचं समाधान होत नाही.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते दाखवणारा आकडा, काढायला सोपा आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. माझी उंची १.५६ मीटर, वजन ६८, म्हणजे जवळपास २८. बहुतेक सर्जनना तो तिसाच्या खाली हवा असतो. पस्तिसापर्यंतही ऑपरेशन करतात, पण जसजसा आकडा वाढतो तसतसा जखम उसवण्याचा, पू होण्याचा आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो.

मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्या. ऑपरेशननंतर गर्भधारणा होऊ शकते, बाळाला त्यानं काही होत नाही, पण घट्ट केलेलं पोट पुन्हा ताणलं जातं आणि सगळा खर्च, सगळं दुखणं वाया जातं.

दुसरी पायरी: रक्त आणि प्रथिनं

माझी तारीख एकदा पुढे गेली ती इथंच. हिमोग्लोबिन ९.८ आलं आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन अवघं ९. बॅरिअॅट्रिकनंतर अन्नातलं लोह आणि बी-१२ नीट शोषलं जात नाही, हे मला माहीत होतं, तरी गोळ्या घेण्यात मी चालढकल केली होती. शिरेतून लोहाची दोन इंजेक्शनं घ्यावी लागली आणि दोन महिने थांबावं लागलं.

तपासण्यांची यादी साधारण अशी असते: हिमोग्लोबिन, फेरिटिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), बी-१२, ड जीवनसत्त्व, फॉलिक अॅसिड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), किडनी-लिव्हर, थायरॉइड, रक्त गोठण्याची तपासणी, ईसीजी आणि पोटाची सोनोग्राफी. सोनोग्राफी टाळू नका. आधीच्या ऑपरेशनच्या किंवा सिझेरियनच्या जागी हर्निया असेल तर तो याच वेळी दुरुस्त करता येतो. आणि तो आहे हे सर्जनला आधी माहीत नसेल तर कातडी उचलताना आतड्याला धक्का लागू शकतो. अल्ब्युमिन ३.५ च्या वर आणि एचबीए१सी सातच्या आसपास असेल तर डॉक्टर निर्धास्त होतात.

जखम प्रथिनांवर भरते. रोज ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि लहान झालेल्या जठरात ती बसवणं हे कष्टाचं काम आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. घट्ट वरणाची वाटी सहा-सात ग्रॅम देते. मूठभर शेंगदाणे सात ग्रॅम. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीसच्या वर असतात, त्यामुळे शाकाहारी माणसाला त्यांच्यासारखा आधार नाही. मी वड्या भिजवून, पिळून, मिक्सरला फिरवून मटकीच्या उसळीत घालायचे. ताटात आधी उसळ, अंडं, पनीर संपवायचं, भाकरी शेवटी. डॉक्टरांनी पावडर सांगितली असेल तर ती घ्यायला लाजू नका.

तिसरी पायरी: मिश्री

याचं मी वेगळं शीर्षक केलं, कारण आपल्या सातारा-सांगलीकडे याबद्दल कोणी दवाखान्यात तोंड उघडत नाही. 'तंबाखू, सिगारेट?' असं विचारलं की बाई मान हलवून 'नाही' म्हणते, आणि पहाटे चुलीपुढं बसून मिश्री लावलेली असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं.

या ऑपरेशनमध्ये बरगडीपर्यंतची कातडी खालच्या स्नायूंपासून सुटी करतात. तिला खालून येणारा बराच रक्तपुरवठा तुटतो आणि ती बाजूंनी येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगते. निकोटिन नेमक्या याच वाहिन्या आवळतं. मग मधली कातडी काळी पडते, सडते आणि महिनोन्‌महिने ड्रेसिंग करत बसावं लागतं. म्हणून मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेट, तपकीर, सगळं ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. निकोटिनची चघळायची गोळी किंवा चिकटपट्टी वापरत असाल तर तीही सांगा, त्यातही निकोटिनच असतं.

माझ्या तासगावच्या चुलत जाऊबाई चाळीस वर्षं मिश्री लावतात. माझ्याबरोबर त्या दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांच्या हर्नियाचा विषय निघाला आणि डॉक्टरांनी त्यांना सरळ विचारलं, 'मावशी, सकाळी दात कशानं घासता?' असं विचारलं की उत्तर खरं येतं. तुमच्या घरातल्या माणसाचं ऑपरेशन असेल तर तुम्हीही असंच विचारा.

चौथी पायरी: कोणतं ऑपरेशन, हे समजून घ्या

सगळ्याला सरसकट 'टमी टक' म्हणतात, पण प्रकार वेगवेगळे आहेत आणि खर्च, व्रण, दुखणं सगळंच त्यावर ठरतं.

पॅनिक्युलेक्टॉमीत फक्त लोंबणारी खालची घडी काढतात. स्नायूंना हात लावत नाहीत, वरचं पोट तसंच राहतं. ज्याला पुरळ आणि जखमांचाच त्रास आहे, किंवा इतर आजारांमुळे मोठं ऑपरेशन झेपणार नाही, त्याच्यासाठी हे ठीक.

अॅब्डॉमिनोप्लास्टीत एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतात, कातडी वरपर्यंत सुटी करतात, मधोमध फाकलेले पोटाचे दोन उभे स्नायू टाके घालून जवळ आणतात, कातडी खाली ओढून जास्तीची कापतात आणि नाभीसाठी नवीन जागा करतात. नाभी आपलीच राहते, फक्त तिच्याभोवतीची कातडी बदलते. माझं हेच झालं.

खूप वजन उतरलेल्या माणसाची कातडी वरून खाली जशी सैल असते तशी आडवीही असते. अशा वेळी आडव्याबरोबर मधोमध उभाही छेद घेतात, त्याला फ्लर-द-ली म्हणतात. कंबर छान येते, पण छातीखालून खालपर्यंत व्रण राहतो, आणि दोन्ही छेद जिथं मिळतात तो कोपरा उसवायची शक्यता सगळ्यात जास्त. पाठ आणि नितंबही सैल असतील तर कमरेभोवती पूर्ण गोल छेदाचं ऑपरेशन असतं. ते मोठं आहे, रक्त जास्त जातं, मुक्काम वाढतो.

लायपोसक्शननं फक्त चरबी निघते, सैल कातडी घट्ट होत नाही. मला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पंधरा मिनिटांत 'एका दिवसात लायपो करून घरी' असं सांगून आगाऊ रक्कम मागितली होती. कपडे बाजूला करून पोट पाहिलंसुद्धा नव्हतं. मी उठून आले, आणि ते बरं केलं असं आजही वाटतं.

दंड, मांड्या, छाती सगळं एकदम करून टाकू, असा मोह होतो. भुलीचा वेळ वाढला की रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो. आधी पोट करा, बाकीचं काही महिन्यांनी.

पाचवी पायरी: सर्जन आणि गाव

पाटीवर 'कॉस्मेटिक' लिहिलं म्हणजे प्लास्टिक सर्जन झाला असं होत नाही. पदवी एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी किंवा त्याच विषयातली डी.एन.बी. हवी, आणि नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत हवं. भेटीत हे विचाराच: बाळंतपणानंतरची सोडून, खूप वजन उतरलेल्यांची किती ऑपरेशनं केली? त्यांचे वर्षभरानंतरचे फोटो आहेत का? भूलतज्ज्ञ कोण? त्याच इमारतीत आयसीयू आहे का, रक्त किती वेळात मिळतं? रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर कोण येईल? जखम पुन्हा शिवावी लागली तर पैसे वेगळे का? या प्रश्नांनी चांगला सर्जन चिडत नाही.

गाव निवडताना आपण सांगलीकर नशीबवान. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा लोक मिरजेला उपचारासाठी येतात, आणि सांगली-मिरज मिळून तज्ज्ञांची कमतरता नाही. साताऱ्याकडच्यांना कराड जवळ. वाई, फलटणचे बरेच जण पुण्याला जातात. पुणं निवडलंत तर ड्रेन, म्हणजे जखमेतला द्रव बाहेर काढणाऱ्या नळ्या, निघेपर्यंत तिथंच नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊन राहायची सोय करा. चौथ्या दिवशी गाडीत बसून खंबाटकी घाट ओलांडणं आणि पुन्हा दोन दिवसांनी तपासायला जाणं, हे वाईट नियोजन आहे. गाडीनं यावंच लागलं तर दर तासाला थांबा, खाली उतरून पाच मिनिटं चाला, बसल्या जागी पंजे वर-खाली करत राहा.

आणि महिना. एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या उन्हात ऑपरेशननंतरचा दाबाचा पट्टा चोवीस तास पोटाला बांधून राहणं सहन होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोका पातळी आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात किंवा नदीकाठच्या पेठेत राहणाऱ्यानं पोटाला ताजे टाके असताना सामान डोक्यावर घेऊन घर सोडायची वेळ स्वतःवर आणू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. ऊसतोडीचा हंगाम किंवा घरचं लग्न असेल तर त्याचाही विचार करा, कारण सहा आठवडे तुम्ही कामाच्या उपयोगाचे नसता.

सहावी पायरी: पैसे आणि विमा

दवाखान्याकडून आकडा लेखी मागा. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, औषधं, पट्टा, काढलेल्या भागाची तपासणी, ड्रेसिंगच्या भेटी, यातलं काय पॅकेजमध्ये आणि काय बाहेर, हे ओळीओळीनं लिहून घ्या.

आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या ठरावीक अटींत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. पण त्याच कलमात अपवाद आहे: अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी गरजेचा उपचार, आणि त्याला उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र. म्हणून वारंवार होणाऱ्या जखमांचे तारीख असलेले फोटो, त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, मलमांची बिलं आणि सोनोग्राफीतला हर्निया हे सगळं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. ऑपरेशनच्या आधी पूर्वमंजुरी मागा. नकार आला तर तो लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, आणि तिथंही दाद लागली नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे वर्षभरात तक्रार करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. मला हर्नियापुरते मिळाले, कातडीचे मिळाले नाहीत. फाइल नसती तर तेवढेही मिळाले नसते.

सातवी पायरी: घर तयार करा

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात हे करायचं. पोट ताणलेलं असल्यामुळे पहिले दहा-पंधरा दिवस कमरेत वाकूनच चालावं लागतं. जमिनीवर अंथरूण घालून झोपणारे असाल तर पलंग हवाच. झोपताना पाठीमागे तीन उशा, गुडघ्यांखाली दोन, म्हणजे पोटावर ताण येत नाही. भारतीय बैठकीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणा, औषधांच्या दुकानांत भाड्यानंही मिळते. उकिडवं बसणं सहा आठवडे बंद. मांडी घालून जेवणंही बंद. पाण्याचा तांब्या, औषधं, मोबाइल, चार्जर कमरेच्या उंचीवर ठेवा.

सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही, म्हणजे काय, ते घरच्यांना बसवून सांगा. भरलेली बादली, पाच लिटरचा भरलेला कुकर, पिठाचा डबा, हंडा, गॅसची टाकी, आणि नातवंडं. नातवंडांचं सगळ्यात अवघड. माझ्या बहिणीची दोन वर्षांची नात रोज हात वर करून उभी राहायची. शेवटी मी खुर्चीत बसायचे आणि कोणीतरी तिला माझ्या शेजारी आणून बसवायचं.

औषधांची पूर्ण यादी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही द्या. अॅस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, साखरेच्या गोळ्या, वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं, आयुर्वेदिक काढे, सगळं. या इंजेक्शनांनी जठर हळू रिकामं होतं, त्यामुळे नेहमीइतका उपास करूनही भुलीच्या वेळी पोटात अन्न असू शकतं. कोणतं औषध कधी थांबवायचं ते तेच ठरवतील. आणि बॅरिअॅट्रिक, विशेषतः जठराचं बायपास झालेल्यांनी ठळक अक्षरांत लिहून द्या: आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मला चालत नाहीत. त्यांनी जठराच्या जोडाला अल्सर होतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून 'दुखण्याची गोळी' आणताना हे विसरायला होतं.

आठवी पायरी: ऑपरेशनचा दिवस

सकाळी भूल द्यायच्या आधी सर्जन तुम्हाला उभं करून पोटावर पेननं खुणा करतात. साडी नेसत असाल तर नेहमीचा परकर बरोबर न्या आणि नाडी जिथं बांधता तिथं बांधून दाखवा. आडवा छेद त्या रेषेच्या बराच खाली घेता येतो. माझ्या खुणा करताना सर्जननी नाडीची जागा आधी एका ठिपक्यानं दाखवली आणि मग चार बोटं खाली मोजून रेघ ओढली. आज नाडी व्रणाला लागत नाही, ती त्या ठिपक्यामुळे.

पूर्ण भूल असते. मला चार तास लागले, पावणेतीन किलो कातडी आणि चरबी निघाली. वजनाच्या काट्यावर मोठा फरक पडेल अशी आशा धरू नका. जाग येते तेव्हा पोट जड, पाय दुमडलेले, दोन्ही बाजूंना बारीक नळ्या आणि त्यांना जोडलेले ड्रेनचे डबे असतात. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी दोघांच्या आधारानं उठवून चालवतात. नको वाटतं, पण चाला. पोटरीत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं हा या ऑपरेशनमधला सगळ्यात गंभीर धोका आहे. मोजे, पायाला दाब देणारं यंत्र, पोटात टोचायचं इंजेक्शन आणि हे चालणं, सगळं त्याचसाठी.

उठण्याची पद्धत आदल्या दिवशीच शिकून घ्या: गुडघे दुमडा, अख्खं अंग एका कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि कोपरावर जोर देऊन वर या. सरळ पाठीवरून उठायचं नाही. खोकला किंवा शिंक येईल असं वाटलं की उशी पोटाशी घट्ट धरा.

नववी पायरी: ड्रेनची वही

घरी आल्यावर सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. एक शाळेची वही घ्या. रोज सकाळी एकाच वेळी डबा रिकामा करून उजवीकडचे मिली, डावीकडचे मिली आणि रंग लिहा. आधी लाल, मग गुलाबी, मग गवती पिवळा, असा रंग उतरत जातो. हात साबणानं धुवून, नळी कातडीपाशी एका हातानं घट्ट धरून दुसऱ्या हातानं खालच्या दिशेनं पिळायची, म्हणजे आत गुठळी अडकत नाही. डबा दाबून हवा काढून मगच झाकण लावायचं, नाहीतर तो ओढत नाही. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली, सलग दोन दिवस, असं झालं की सहसा ड्रेन काढतात. माझे नवव्या दिवशी निघाले.

डबे लोंबकळून नळी ओढली जाते. माझ्या आत्यानं जुन्या इरकलीच्या तुकड्यातून दोन खिशांची पिशवी शिवली, गळ्यात अडकवायला नाडी लावली. एका खिशात उजवा डबा, दुसऱ्यात डावा. त्या पिशवीसारखी उपयोगी वस्तू अख्ख्या काळात दुसरी नव्हती.

दहावी पायरी: सहा आठवडे

पट्टा डॉक्टर सांगतील तितका, सहसा सहा आठवडे. सुरकुती पडू देऊ नका, आत पातळ सुती बनियन घाला. पाणी जखमेवर कधी घ्यायचं ते विचारून घ्या. जेवणात मीठ कमी, पाणी भरपूर, प्रथिनं आधीसारखीच. दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि कुंथणं टाक्यांना घातक आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून इसबगोल किंवा डॉक्टर देतील ते औषध घ्या.

सांगली म्हणजे हळदीचं गाव. येणारा प्रत्येक जण जखमेवर हळद लावायला सांगेल, आणि मायेनंच सांगेल. हळद आमटीत घाला, दुधात घाला, टाक्यांवर मुळीच लावू नका. याहून मोठा धोका शेकाचा आहे. बाळंतिणीला शेक देतात तसं या पोटालाही द्यावंसं घरच्यांना वाटतं. नाभीखालची कातडी काही महिने बधिर असते, कधी त्याहून जास्त. गरम पाण्याची पिशवी चटका देते आणि तुम्हाला कळतच नाही. फोड आल्यावर कळतं. शेक, शेगडी, गरम पिशवी, काहीही नको.

एकोणिसाव्या दिवशी मला इतकं बरं वाटत होतं, की मी ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर नेली. तीन दिवसांनी नाभीखाली पाणी डुचमळल्यासारखं लागायला लागलं. कातडीखाली द्रव साचला होता. त्याला सिरोमा म्हणतात. सुईनं १२० मिली काढलं, पुढच्या पंधरवड्यात आणखी दोनदा काढावं लागलं. बादलीमुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, तो असाही होतो. पण ती बादली उचलायला नको होती, एवढं मला नक्की कळलं. असं डुचमळणं जाणवलं तर घरी दाबत बसू नका, दाखवून या.

दोन ते चार आठवड्यांत गाडी चालवता येते, पण अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही याची खात्री झाल्यावरच. स्कूटर त्याहून उशिरा. आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक पहिले दोन महिने मागे बसूनसुद्धा नको वाटतात. बैठं काम तीन-चार आठवड्यांनी, शेतातलं आणि उभं राहायचं काम सहा ते आठ आठवड्यांनी.

ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका: १००.४ च्या वर ताप, पोटाची एक बाजू अचानक टणक होऊन फुगणं, ड्रेनमध्ये एकदम ताजं लाल रक्त, कातडी निळी-काळी पडणं, जखमेतून पू किंवा घाण वास. एका पोटरीत दुखून सूज आली तर त्याच तासाला डॉक्टरांना गाठा. आणि धाप लागली, छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा. घरच्या गाडीची किल्ली शोधत बसू नका.

त्यानंतर

सूज उतरायला तीन ते सहा महिने लागतात. सकाळी पोट सपाट, संध्याकाळी फुगलेलं, असं बरेच दिवस चालतं. तोवर फोटो काढून इतरांशी तुलना करू नका. व्रण आधी लालसर, मग आपल्या वर्णात काळपट दिसतो आणि फिका पडायला वर्ष-दीड वर्ष घेतो. जखम पूर्ण मिटली की सिलिकॉनची जेल किंवा पट्टी, डॉक्टरांनी सांगितल्यावर हलका मसाज, आणि त्या जागेला ऊन लागू द्यायचं नाही. व्रण जाड होऊन वर येऊ लागला, खाजू लागला, तर लवकर दाखवा, सुरुवातीला इंजेक्शननं आवरता येतो. पहिले तीन महिने परकराला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा पट्टा लावून घ्या, कोणीही शिंपी अर्ध्या तासात लावून देतो.

लोह, बी-१२ आणि कॅल्शियमच्या गोळ्या बॅरिअॅट्रिकवाल्यांना कायमच्या आहेत, पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून त्या सुटत नाहीत. माझ्या कॅलेंडरवर एक तारखेचा आकडा अजून लिहिला जातो. या महिन्यात ६५.४. आंघोळीनंतर पंख्याखाली उभं राहायची गरज पडत नाही, पण ते सुती फडकं मी अजून टाकलेलं नाही. तासगावच्या जाऊबाईंची मिश्री सुटून अडीच महिने झालेत, आणि त्यांच्या हर्नियाची तारीख डिसेंबरात मिळाली आहे. इरकलीची पिशवी धुऊन, इस्त्री करून त्यांच्याकडे पाठवली आहे.